ट्रायल राहिलेला कोट

गुलमंडीच्या एका आतल्या गल्लीत कमरोद्दीन मास्टरांचं शिलाईचं दुकान आहे, आणि ते बंद करायचं हे ठरून बराच काळ लोटला आहे. ठरवलं त्यांच्या लेकीनं, गजालानं. ती शहराच्या कडेला पडेगावला राहते, तिथल्याच एका शाळेत शिकवते. बाप सत्तरी उलटून गेल्यावरही दुकानावरच्या माळ्यावर एकटा झोपतो, स्वतःची खिचडी स्वतः शिजवतो आणि मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी सुईत दोरा ओवत बसतो, हे तिला मुळीच पसंत नव्हतं. तिची आई महेजबीन होती तोवर गोष्ट वेगळी होती. आता गजालाच्या फ्लॅटमध्ये एक खोली बापासाठी रंग देऊन तयार होती, पलंगावर चादरसुद्धा घातलेली होती. मास्टर दर ईदला त्या खोलीत जाऊन बसत, खिडकीची तारीफ करत, हवा चांगली आहे म्हणत आणि जेवण उरकलं की रिक्षा करून गुलमंडीत परत येत.

धंदा म्हणावा तर तसा काही राहिला नव्हता. पँटची उंची कमी करा, चेन बदला, पोट वाढलंय तर कंबर सोडा, पोट उतरलंय तर कंबर घ्या, असली कामं. पोट उतरल्याची गिऱ्हाइकं अर्थात वर्षाकाठी एखाददुसरीच. पण मास्टर सकाळी शटर वर करत, मशीनला तेल देत, गळ्यात टेप घालत आणि शहरातले निम्मे नवरदेव आजच माप द्यायला यायचे आहेत अशा रुबाबात खुर्चीवर बसत.

गजालानं दुकानाचा विषय काढला की मास्टरांचं उत्तर ठरलेलं होतं. ते माळ्याकडं बोट दाखवत आणि म्हणत, "कोट जाने दे. जिस दिन कोट गया, उसी दिन ताला."

हा कोट माळ्यावरच्या एका लोखंडी पेटीत होता. त्याची हकीकत घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. मास्टरांचे आजोबा याह्या यांनी हे दुकान थाटलं. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत पिशोरकडचा एक गडी पलटणीत भरती झाला आणि त्या आनंदात करड्या लोकरीचं कापड घेऊन त्यांच्याकडं कोट शिवायला आला. ज्यांचा जन्म रेडिमेडच्या जमान्यातला आहे त्यांच्यासाठी इथं थोडं सांगायला हवं. कोट काही एका बैठकीत शिवून मोकळं होता येत नाही. आधी तो पांढऱ्या दोऱ्यानं नुसता टाचतात. कॉलर नाही, बटणं नाहीत, एकच बाही लावलेली, अशा अवस्थेत तो गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवतात, खडूनं खुणा करतात, आणि मगच पक्की शिलाई मारतात. याला ट्रायल म्हणतात. पिशोरच्या गड्याची ट्रायल ठरली होती, पण त्याआधीच पलटण हलली आणि गडी लढाईवर गेला. लढाई संपली, गडी आला नाही. कोट तसाच कच्चा राहिला.

याह्या मास्टरांनी मरताना मुलाला बजावलं होतं की ही अमानत आहे. विकायची नाही, वापरायची नाही, ट्रायल झाल्याशिवाय शिवायचीसुद्धा नाही. मुलानं ते कमरोद्दीनना बजावलं. गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी कधीतरी वाळवीनं खाल्ली, त्यामुळं आता नावही कुणाला ठाऊक नव्हतं. दर हिवाळ्यात मास्टर तो कोट माळ्याच्या खिडकीतल्या उन्हात घालत, कडुलिंबाचा पाला बदलत आणि पुन्हा पेटीत ठेवत. मालकाचा शोध मात्र त्यांनी आयुष्यात कधी केला नाही. पिशोरची बस शहरातून रोज सुटते, पण मास्टर काही तिच्यात कधी चढले नाहीत. गजालाला त्याचं कारण फार आधी कळलं होतं. कोट होता म्हणून दुकान होतं, आणि दुकान होतं म्हणून मास्टर कुणाच्या घरचे पाहुणे नव्हते.

असं सगळं सुरळीत चाललं असतं. पण मध्ये नानासाहेब आले.

नानासाहेब म्हणजे दैनिक 'दरवाजा'च्या जाहिरात विभागाचे प्रमुख. वाढदिवसाच्या शुभेच्छा, पुण्यस्मरण, हरवलेली मूळ कागदपत्रं आणि बंगल्याच्या वास्तुशांतीचं निमंत्रण यांवर त्यांनी तीस वर्षं पेपर चालवला होता. बातम्या या जाहिरातींच्या मधली जागा रिकामी दिसू नये म्हणून असतात, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. पेपरच्या वर्धापनदिनाला यंदा काहीतरी वेगळं काढा, असं मालकांनी सांगितल्यावर त्यांनी एका जुन्या वाचनालयातून सन शेहेचाळीसच्या एका बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक मिळवले आणि त्यातल्या जाहिराती जशाच्या तशा छापून एक पुरवणी काढली. नाव दिलं, 'लढाई संपली तेव्हाचं आपलं शहर'.

पुरवणी झकास झाली होती यात शंका नाही. लढाईच्या काळात जे जे मिळत नव्हतं ते ते पुन्हा मिळू लागल्याचा आनंद पानापानांवर सांडला होता. सायकलचे टायर आले आहेत, त्वरा करा. विलायती सुया आल्या आहेत. दाढीची ब्लेडं आली असून आता सभ्य गृहस्थांस सबब उरलेली नाही. पलटणीतली जास्तीची घोंगडी आणि बूट लिलावात निघाले होते, मात्र बूट एकाच पायाचे असल्यास तक्रार चालणार नाही अशी खाली तळटीप होती. रंगूनहून पायी परत आलेला एक दंतवैद्य आपण पुन्हा दात काढू लागल्याचं जाहीर करत होता. मोटार हाकता येणारा, पलटणीतून सुटलेला, निर्व्यसनी इसम नोकरी शोधत होता, आणि त्याच्याच शेजारी एका वधूपित्याला पलटणीतून सुटलेला निर्व्यसनी इसम हवा होता. या दोघांची गाठ पडली की नाही ते पुढच्या अंकांत शोधायला हवं होतं, पण नानासाहेबांना तेवढा वेळ नव्हता.

तिसऱ्या पानावर ही जाहिरात होती. "लढाई संपली. ज्या गिऱ्हाइकांनी लढाईवर जाण्यापूर्वी आमचेकडे कपडे टाकले व ज्यांची ट्रायल राहून गेली, त्यांनी सवडीने येऊन ट्रायल देऊन जावी. कपडे सुरक्षित आहेत. शिलाई माफ. याह्या टेलरिंग हाऊस, गुलमंडी."

आता नानासाहेबांचा एक नियम होता. ज्या जाहिरातीखाली मोबाईल नंबर नाही ती जाहिरातच नव्हे, असं ते नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवत. बाकीची दुकानं कधीच उठून गेली होती, त्यामुळं त्यांचा नाइलाज झाला. पण याह्या टेलरिंग हाऊस अजून जागेवर आहे हे ध्यानात येताच त्यांचा हात आपसूक चालला. कमरोद्दीन मास्टर त्यांच्या सफाऱ्या शिवत आले होते, नंबर फोनमध्येच होता. जाहिरातीखाली तो ठळक अक्षरांत गेला. साल पानाच्या डोक्यावर होतं, तेही बारीक टायपात. साल वाचून कोण जाहिरात वाचतो?

सकाळी शटर वर करायच्या आतच फोन सुरू झाले. लोकांनी जाहिरातीतली शेवटची तीन वाक्यं तेवढी वाचली होती, म्हणजे कपडे सुरक्षित आहेत, शिलाई माफ, आणि नंबर. सिडकोतून एक गृहस्थ खिडक्यांचे पडदे घेऊन आले. एका बाईंनी कुण्या दुसऱ्याच टेलरकडं टाकलेलं, कधीच न मिळालेलं ब्लाउज इथं सुरक्षित असेल या आशेनं पिशव्या उपसून पाहिल्या. लढाईत कोण होतं असं मास्टरांनी विचारलं तर एकानं शांतपणे सांगितलं की शेताच्या बांधावरून भावाशी बारा वर्षं कोर्टात लढाई चालू होती, परवाच संपली.

नानासाहेब दुपारी घामाघूम होऊन आले. चूक झाली, उद्याच्या अंकात खुलासा छापतो म्हणाले. मास्टर उखडले. खुलासा म्हणजे काय छापणार, तर याह्या मास्टरांचा शब्द आता चालत नाही असंच ना? आजोबांनी शिलाई माफ म्हटलं होतं, माफ म्हणजे माफ. लढाईवाल्याचा कपडा असेल तर आणा म्हणावं. नानासाहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि जाताजाता सफारीचं एक सुटलेलं बटण लावून घेतलं.

गजालाला मात्र त्या पुरवणीत पडेगावची खोली दिसली. इतकी वर्षं तिला न सुचलेली गोष्ट एका चुकीनं झाली होती. कोटाच्या मालकाला शोधणारी जाहिरात सगळ्या मराठवाड्यात गेली होती. ती शाळा सुटली की थेट दुकानात येऊन बसू लागली, फोन स्वतः घेऊ लागली, पिशोर, कन्नड, नाचनवेल अशा कुठल्याही गावाचं नाव ऐकलं की आवाजात साखर घालून बोलावू लागली. बाप एकेकाला वाटेला लावे, लेक दुसऱ्याला बोलावून आणे. गल्लीतल्या लोकांची चांगली करमणूक झाली.

दावेदारांना तोटा नव्हता. लढाईत लढलेला कोट पेटीत आहे अशी बातमी पसरली आणि शहरातल्या निम्म्या घरांना आपले पणजोबा सैन्यात होते हे आठवलं. एवढी फौज असती तर ती लढाई निम्म्या वेळात संपली असती. वॉर्डातले होतकरू पुढारी इंद्रजीत चार कार्यकर्ते आणि एक फोटोग्राफर घेऊन आले. पणजोबांचा कोट अंगावर घालून त्यांना एका कार्यक्रमात भाषण करायचं होतं. पणजोबा कोणत्या आघाडीवर होते असं मास्टरांनी विचारलं, तर इंद्रजीत म्हणाले, महाविकास की महायुती हे तेव्हा नव्हतंच. मास्टरांनी अदबीनं पाणी दिलं आणि विचारलं की कोट कसा होता, घरात काही सांगितलेलं आठवतं का? पितळी बटणं होती, इंद्रजीत छातीला हात लावून म्हणाले, आणि एका बाजूला गोळीचं भोक. कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्टरांनी मान हलवली आणि या कोटाला अजून बटणंच लागलेली नाहीत एवढं सांगून त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून आले.

असा एकेक दावेदार परत गेला की मास्टर मशीनवर गुणगुणत. गजाला बघत राही. एकदा ती न राहवून म्हणाली, "अब्बा, तुम्हाला मालक यायलाच नको आहे." मास्टरांनी सुईत दोरा ओवायचं निमित्त करून मान खाली घातली. तिचं बोलणं सोळा आणे खरं होतं आणि ते त्यांना फार लागलं. अमानत सांभाळतो म्हणून मोहल्ल्यात आपल्याला मान, आणि मनातून मात्र आपण रोज देवाकडं मागतो की तिचा धनी येऊ नये. त्या रात्री त्यांना आजोबांच्या आठवणीपुढं स्वतःची लाज वाटली.

पुढच्या रविवारी सकाळी गजाला यायच्या आधीच दोन बायका दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. फोन न करताच आल्या होत्या. पुढची तिशीतली, ऑफिसात जाणारी वाटत होती. तिनं आपलं नाव दीपमाला सांगितलं, आणि मागं उभ्या आहेत त्या माझ्या आजी, द्वारकाबाई, पिशोरहून आल्या आहेत, म्हणाली. आजींचं वय ऐंशीच्या पुढं होतं, पण अंगलट दांडगी. नऊवारी लुगडं, हातात काठी आणि दरवाजा अडून जाईल असे रुंद खांदे. त्यांनी आत येऊन मशीन पाहिलं, भिंत पाहिली, मग स्टुलावर बसल्या.

मास्टर नेहमीच्या तयारीत होते. कोट कसा होता, हा प्रश्न ओठावर आलाच होता. पण द्वारकाबाईंनी तो विचारूच दिला नाही.

"मास्टर, त्याची डावी बाही लावायची राहिलीय ना अजून?"

मास्टरांनी हातातली कात्री टेबलावर ठेवली. एवढ्या दिवसांत कुणीही बाहीचं नाव काढलं नव्हतं. तो कोट घराबाहेरच्या कुणाच्याही नजरेला पडला नव्हता, इंद्रजीतांच्या फोटोग्राफरच्यासुद्धा नाही.

मग द्वारकाबाईंनी सगळं सांगितलं. गडी म्हणजे त्यांचा बाप, पुंजाराम. तो लढाईवर गेला तेव्हा त्या पोटात होत्या. ब्रह्मदेशाकडं कुठंतरी तो बेपत्ता झाला असा सरकारचा कागद आला, पण मेला असं काही त्यात लिहिलं नव्हतं, आणि आईनं तेवढंच धरून ठेवलं. सन शेहेचाळीसला ही जाहिरात कुणीतरी वाचून दाखवल्यावर आई चार वर्षांच्या द्वारकेला घेऊन बैलगाडीनं इथं आली होती. याह्या मास्टरांनी कोट बाहेर काढला. तुझ्या भावाला आण, त्याच्या मापानं बसवून देतो, म्हणाले. कापड चांगलं आहे, वाया कशाला घालवायचं? लढाईनंतर कापडाची एवढी टंचाई होती की लोक पिठाच्या पोत्यांचे सदरे शिवत होते. आईनं कोट हातात घेतला, डावी बाही नाही हे पाहिलं आणि परत दिला.

"माय म्हनली, माप त्यांचं हाय. आले की तेच येऊन देतील. तवर शिवू नका." द्वारकाबाईंनी काठीनं पायरी दाखवली. "तुमच्या आजानं मग परत कधी इचारलं नाय. माय दर साली बाजाराला आली की हितल्या पायरीवरून नुस्ती बघून जायची. पेटी हाय ना, एवढंच. कोट शिवून झाला असता तर तिला कपाळ पुसावं लागलं असतं."

मास्टरांना हे काहीच ठाऊक नव्हतं. आजोबांनी बजावलं होतं ते एवढंच, की ट्रायल झाल्याशिवाय शिवायचा नाही. ते टेलरकीचा नेम सांगत आहेत असं सगळ्या घरानं धरलं होतं. एका परक्या बाईचं कुंकू राखण्यासाठी त्यांनी तो नेम केला होता, हे तीन पिढ्यांत कुणाला कळलं नाही.

आई खूप वर्षांपूर्वी गेली. मरताना तिनं लेकीला काही आणायला सांगितलं नाही, नको आणू असंही सांगितलं नाही. द्वारकाबाई संसारात पडल्या, दुकान केव्हाच मोडून गेलं असेल असं त्यांनी धरलं. परवा दीपमालानं पेपर वाचून दाखवला आणि खाली फोन नंबर आहे म्हणाली, तेव्हा त्यांना कळलं की जागा अजून आहे.

आता मास्टरांची खरी परीक्षा होती, आणि ती घ्यायला दुकानात कुणीच नव्हतं. गजाला यायला अवकाश होता. दीपमाला भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरकडं बघत होती. कोट कसरीनं खाल्ला असं नुसतं म्हटलं असतं तरी भागलं असतं. म्हातारी काठी टेकत निघून गेली असती, दुकान राहिलं असतं, मशीन राहिलं असतं, सकाळचं शटर राहिलं असतं. पडेगावची खोली ईदेपुरतीच राहिली असती. मास्टरांच्या मनात हे सगळं येऊन गेलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं हेही खरं आहे. मग ते उठले, माळ्याची शिडी चढले आणि पेटी स्वतः खाली घेऊन आले.

कोट टेबलावर पसरला. करडी लोकर अजून घट्ट होती, एका कोपऱ्याला कसरीनं कुरतडलेलं बारीक भोक होतं तेवढंच. पांढरे टाके पिवळे पडले होते. द्वारकाबाई बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या, हात लावला नाही. मास्टरांनी हळूच विचारलं, कुणाला द्यायचा आहे? मुलगा, नातू, ज्याला बसवायचा असेल त्याला घेऊन या, मी माप घेतो.

"ट्रायल मीच देते," द्वारकाबाई म्हणाल्या.

मास्टरांनी आयुष्यभर गडीमाणसांचे कोट शिवले होते. पण आज त्यांनी आरसा पुसून घेतला. द्वारकाबाईंनी दीपमालाच्या हातात काठी दिली, पदर खोचला आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. मास्टरांनी कोट मागून धरला, त्यांनी आधी उजवा हात बाहीत घातला, मग उघडा डावा खांदा आत सरकवला. जुने टाके दोन ठिकाणी तटतट तुटले. मास्टरांनी सवयीनं खडू उचलला, खांद्याशी आणला आणि तिथंच थांबले.

कोट कंबरेला ढिला होता, उंचीला लांब होता, बाही बोटांच्या खाली येत होती. खांदे मात्र शिवणीला शिवण असे नेमके बसले होते. मास्टरांनी दोन्ही बाजूंनी हात फिरवून पाहिलं. एका सुताचाही फरक नव्हता. खडूनं खूण करायला जागाच नव्हती.

खांदे हुबेहूब वडिलांच्या मापाचे आहेत, असं त्यांनी सांगितलं. द्वारकाबाईंना आधी समजलं नाही. मग त्यांनी आरशात स्वतःच्या खांद्यांकडं पाहिलं. सासरी त्यांना या खांद्यांवरून जन्मभर ऐकावं लागलं होतं, पोरगी हाय का हमाल, म्हणून. आई बारकी, मामा बारके, घरात कुणाचेच असे नव्हते. बापाचा फोटोसुद्धा नव्हता.

"म्हंजी मी बापावर गेले व्हय," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. दीपमालानं त्यांचा हात धरला.

थोड्या वेळानं पदरानं तोंड पुसून त्यांनी विचारलं, मग मी कवा येऊ न्यायला? मास्टरांनी कोट अंगावरून उतरवला. कॉलर करायची होती, बाही लावायची होती, अस्तर घालायचं होतं, भोकाला रफू करायचं होतं. एखाद्या टेलरनं ठरवलंच असतं तर या कामावर त्यानं सहज पुढचा पावसाळा गाठला असता, आणि कुणी त्याला नावं ठेवली नसती.

"या कशाला?" मास्टर म्हणाले. "बसा. आजच घेऊन जा."

गजाला आली तेव्हा दुकानात दोन परक्या बायका चहा पीत बसल्या होत्या आणि बाप मशीनवर वाकला होता. टेबलावर करडी लोकर पाहून तिच्या सगळं लक्षात आलं. इतके दिवस जे व्हावं म्हणून ती झटली होती ते समोर घडत होतं, आणि आता तिला बापाकडं बघवेना. तिनं पर्स खाली ठेवली, सुईत दोरा ओवून दिला, मग दुसरा ओवून दिला. दिवसभर ती दोरेच ओवत राहिली. मास्टर मध्ये एकदाच बोलले, ते मान वर न करता. महिनाअखेर येतो तुझ्याकडं म्हणाले, पण मशीन बरोबर येईल. खोलीत मशीन मावणार नाही हे गजालाला ठाऊक होतं. पलंग बाहेर काढू, ती म्हणाली.

दिवस मावळून मगरिबची बांग झाली तेव्हा काजं होऊन बटणं लागली होती. मास्टरांनी इस्त्री फिरवली, हातानं खांदा झाडला आणि कोट घडी घालून कागदात गुंडाळायला घेतला. द्वारकाबाईंनी त्यांना थांबवलं. पिशोरची गाडी मिळेपर्यंत थंडी वाढेल म्हणून असेल, असं दीपमालाला वाटलं. पण द्वारकाबाईंनी कोट लुगड्यावरून अंगात घातला, एकेक बटण सावकाश लावलं, काठी हातात घेतली आणि मास्टरांकडं वळून हात जोडले.

"बांधू नका, घालूनच जाते. ह्यो कोट घालून घरला यायचं कुणीतरी राहिलंय."